उत्तरेकडची भिंत

आत्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चर्चचा मनोरा दिसायचा. दर पाव तासाला त्याच्यावरची घंटा टोला द्यायची आणि रविवारी सकाळी तर असा कल्लोळ व्हायचा की फोडणी तडतडली तरी ऐकू येऊ नये. आत्या तिला "मेली घंटा" म्हणायची, पण तिचं सगळं घर त्या मेलीवरच चालायचं. एका टोल्याला कुकर चढायचा, पुढच्याला कणीक, त्याच्या पुढच्याला पहिली पोळी तव्यावर. घरात तीन घड्याळं होती, पण ती बघितलेली मला आठवत नाहीत. आज इतक्या वर्षांनीही कुठे घंटा ऐकली की माझे हात आपोआप लाटणं शोधतात, आणि मग मला स्वतःचाच राग येतो.

मालूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर होते, आणि तिथून बसने थोडं पुढे, शेतांच्या मधल्या एका सपाट गावात त्यांनी घर घेतलं होतं. मी नाशिकला आर्किटेक्चर करून पुढचं शिकायला डार्मश्टाटला आले, तेव्हा बाबांनी एकच अट घातली. हॉस्टेलवर राहायचं नाही, मालूकडे राहायचं. मार्क जाऊन नुकतेच युरो आले होते, आयटीतली मुलं पुण्याहून लोंढ्याने येत होती आणि सगळीच्या सगळी उपाशी होती. आत्याने हे बरोबर हेरलं आणि डबे सुरू केले. आठवड्याच्या पोळ्या, दोन भाज्या, आमटी. शुक्रवारी दुपारी फ्रँकफर्ट, डार्मश्टाट, पार लुडविग्सहाफेनपासून मुलं डबे न्यायला यायची आणि दारात बूट काढताना "काकू, आज काय?" म्हणून लहान मुलांसारखी हुंगायची. पोळ्या लाटायला मी. आत्याला वर्षानुवर्षं हातांची गरज होती आणि दादाने मुलगी पाठवली ती हातांसकट.

आत्याकडे मला कुणी उपाशी ठेवलं नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर आमच्याकडची माणसं म्हणतील, खाल्ल्या घरचे वासे मोजते. उलट खायला जे मिळालं ते नाशिकलाही मिळालं नव्हतं. तिथल्या क्वार्कचं, म्हणजे त्यांच्या घट्ट दह्यासारख्या प्रकाराचं, आत्या असं श्रीखंड करायची की आपल्या चक्क्याची आठवण येऊ नये. तिथल्या मैद्यासारख्या कणकेच्या पोळ्या आधी माझ्या हातून चामड्यासारख्या व्हायच्या, तेव्हा तिने दुधात भिजवायला शिकवलं. खिडकी मात्र फोडणीच्या वेळी बंद. शेजाऱ्यांनी एकदा वासाची तक्रार केली होती आणि ती आत्याच्या फार जिव्हारी लागली होती. म्हणून आम्ही हिंगाच्या धुरात डोळे पुसत काम करायचो. नेहा, आत्याची तेरा वर्षांची मुलगी, दारातूनच नाक धरून जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटायची. तिला मराठी सगळं कळायचं, फक्त उत्तर द्यायचं नसायचं.

दुसऱ्या वर्षी आमच्या प्राध्यापकांनी सांगितलं की प्रबंधासाठी प्रत्येकाने एक जुनी इमारत घ्यायची, हाताने मोजायची, आणि ती कधी, कुणी, कशी बांधत नेली ते तिच्याच अंगावरून वाचून दाखवायचं. बाकीची मुलं किल्ले, मठ, मोठमोठी कॅथिड्रलं शोधायला गेली. मला डब्यांच्या मधल्या वेळात जमेल असंच काहीतरी हवं होतं. मी खिडकीतून दिसणारं घेतलं. किल्ली फ्राऊ बेकर नावाच्या बाईंकडे असायची. चर्च झाडणं, फुलं ठेवणं, घंटेची देखभाल, सगळं त्याच करायच्या. पहिल्या दिवशी मी दारात चपला काढल्या. त्या बघतच राहिल्या. इथे गरज नाही, म्हणाल्या. मला माहीत होतं, पण पाय ऐकेनात. दुसऱ्या दिवशी त्यांनी लोकरीचे जाड मोजे आणून माझ्या हातात ठेवले आणि "जा, जा, फरशी थंड आहे" एवढंच म्हणून निघून गेल्या.

ते चर्च बाहेरून काही खास नव्हतं. पश्चिमेला चौकोनी मनोरा, मध्ये लांबट सभामंडप, पूर्वेला अरुंद गाभारा. त्यांचे शब्द वेगळे आहेत, पण मी माझ्या वहीत गाभारा आणि सभामंडपच लिहायची आणि प्राध्यापकांना ते फार आवडायचं. सभामंडपावर साधं सपाट लाकडी छत. गाभाऱ्यात मात्र लाल दगडाच्या बारीक फासळ्या भिंतीतून निघून वर एकमेकींना भेटलेल्या, आणि भेटीच्या जागी एक गोल दगड, त्यावर कोकरू कोरलेलं. खिडक्या उंच, टोकदार. पुढे ते गाव कॅथलिकांचं प्रोटेस्टंट झालं, तेव्हा चित्रांवर चुना फासला गेला आणि बसायला लाकडी माड्या आल्या. एकूण सहा-सातशे वर्षांत प्रत्येक पिढीने आपापल्या परीने त्यात काहीतरी घुसडलेलं. गावाचा अभिमान मात्र सगळा मनोऱ्यावर होता. मनोरा सर्वांत जुना, तो एका सरदाराच्या गढीचा बुरूज होता आणि चर्च नंतर त्याला चिकटवलं, अशी तिथली कथा. दारावर तसं लिहिलेलंही होतं, शाळेत तसं शिकवत होते.

मोजायची पद्धत अशी होती की मी पहिले काही दिवस रडकुंडीला आले. नाशिकच्या कॉलेजात आम्ही जुनी भिंत मोजायचो आणि कागदावर सरळ काढायचो. भिंत म्हणजे सरळच असणार, वाकडी आली तर टेप चुकला. इथे नेमकं उलटं. आधी दोऱ्या ताणायच्या, ओळंबा सोडायचा, आणि त्या दोरीपासून प्रत्येक दगड किती आत, किती बाहेर, ते तिथेच उभं राहून, कडक पेन्सिलीने, थंडीत बोटं बधिर होईस्तोवर काढायचं. भिंत झुकली असेल तर झुकलेली. जमीन दबली असेल तर दबलेली. घरी नेऊन पक्की प्रत करायची नाही, तिथेच पूर्ण करायचं. प्राध्यापक माझा पहिला कागद बघून म्हणाले, सुंदर आहे, पण हे तुझ्या मनातलं चर्च आहे. मी तो फाडला. तेव्हापासून मला जे आहे ते बघायची खोड लागली. घरात ती फारशी उपयोगाची नसते.

माझ्या हातून जे सापडलं ते हुशारीने सापडलं नाही, सवयीने सापडलं. कुठलंही देऊळ असलं की आपण आधी बाहेरून प्रदक्षिणा घालतो. मी चर्चलाही रोज काम सुरू करण्याआधी एक घालायची, उजवा हात भिंतीकडे. तिथले लोक समोरून येतात, दारातून आत जातात. मागच्या बाजूला, गाभाऱ्याच्या पाठीशी, फ्राऊ बेकरांचा पालापाचोळ्याचा ढीग होता आणि काटेरी झुडपं, तिकडे कोण मरायला जातंय. मी जायची. गाभाऱ्याच्या जोत्याला गुडघ्याइतक्या उंचीवर दगडाची एक तिरपी पट्टी फिरवलेली होती आणि चालताना माझी बोटं तिच्यावरून फिरायची. एक दिवस लक्षात आलं की उत्तरेला जी बुटकी खोली चर्चला जोडलेली आहे, तिच्या भिंतीत ही पट्टी घुसते आणि दिसेनाशी होते. मी आत जाऊन त्या खोलीतलं कपाट सरकवलं, तर कपाटामागे तीच पट्टी, तीच उंची, वर बाहेरच्या पावसाने झिजलेली. म्हणजे ती भिंत एके काळी उघड्यावर होती. खोली मागाहून आली.

मग मला वेडच लागलं. मी चर्चभर सांधे शोधत सुटले. मनोऱ्याची भिंत आणि सभामंडपाची भिंत जिथे भेटतात तिथे एकाचा दगड दुसऱ्यात गुंतलेला असायला हवा होता, तर तिथे वरपासून खालपर्यंत उभा सांधा, सुरी घालावी इतका स्वच्छ. आणि सभामंडपाच्या भिंतीच्या कडेचे कोपऱ्याचे मोठे दगड मनोऱ्याच्या पाठीमागे गेलेले. म्हणजे तो कोपरा होता तेव्हा मनोरा नव्हता. सरदाराचा बुरूज कसला नि काय, मनोरा सगळ्यांत धाकटा होता. प्राध्यापक स्वतः बसने आले, शिडीवर चढले, सांध्यावर बोट फिरवलं आणि "गेनाऊ" म्हणाले. अगदी बरोबर, बस्स. खाली उतरून त्यांनी विचारलं, ऑक्टोबरपासून संस्थेत जागा आहे, पगारी, डॉक्टरेटसाठी, याच भागातली आणखी चर्चं अशीच वाचायची, करशील का? मी त्या दिवशी घरी येईपर्यंत हसत होते. एवढी खूश मी आयुष्यात पुन्हा झाले नाही. लग्नातही नाही, हे आमच्या ह्यांना माहीत आहे.

अडचण एकच होती. विद्यार्थी म्हणून राहायची माझी परवानगी उन्हाळ्यात संपत होती आणि नोकरी ऑक्टोबरला सुरू. मधले महिने निभावण्यासाठी आउसलेंडरबेहोर्डमध्ये, म्हणजे परदेशी माणसांच्या ऑफिसात, वडिलांच्या सहीची हमी द्यावी लागणार होती. आधी दोनदा त्यांनी दिलीच होती. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यात होते, लहानपणी मला पुलांच्या कमानी दाखवायला सायकलवरून घेऊन जायचे. मला वाटलं होतं, फोनवरच नाचतील. ते म्हणाले, बघू. माधुरीचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, एक स्थळ चाललं होतं. मुलगा फ्रँकफर्टला आयटीत, घराणं चांगलं. मोठी बिनलग्नाची तिकडे शिकत राहणार म्हटलं की ते लोक काय म्हणतील, एवढीच त्यांची काळजी. माधुरीचं ठरलं की सही करतो, म्हणाले. मला ते पटलं. सगळं कसं जमून येत होतं.

आत्याला मी संस्थेच्या जागेबद्दल सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "म्हणजे डार्मश्टाटला खोली घेणार तू," एवढंच ती म्हणाली. पण त्याच आठवड्यात एके संध्याकाळी ती आपणहून चर्चमध्ये आली, थर्मासमधून चहा घेऊन. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, ते तिने धरलं. मी सांगेन तिथे उभी राहिली, गाभाऱ्याच्या कोपऱ्यात वाकली, पदर खोचून जोत्याच्या पट्टीवर बोट ठेवून बसली. मी तिला सगळं दाखवलं, कुठली भिंत आधी, कुठली नंतर. ती लक्ष देऊन ऐकत होती. तिचं स्वतःचं शिक्षण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला लग्नासाठी तोडलं होतं. जाताना म्हणाली, "आत गाभाऱ्यासारखाच गारवा आहे गं." त्या संध्याकाळी मला ती फार आवडली. तेच मला अजून गिळता येत नाही.

चैत्रातलं हळदीकुंकू आत्या दरवर्षी थाटात करायची. त्या वर्षी ते ईस्टरच्या आदल्या शनिवारी आलं. तमिळ दुकानातून गोठवलेल्या कैऱ्या आणून वाटली डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी. फ्रँकफर्टच्या मंडळातल्या बायका रेशमी साड्यांवर जाड कोट घालून आल्या. आत्याने मला सकाळपासून राबवून घेतलं आणि दुपारी मी म्हटलं, तासभर जाऊन येते, फ्राऊ बेकरांनी दिलेली किल्ली सोमवारी परत करायची आहे. कारण त्या आठवड्यात मला सभामंडपाच्या उत्तरेच्या भिंतीवर काहीतरी दिसलं होतं. गाभाऱ्याच्या पायरीला लागून, वेदीपासून दोन हातांवर, चुन्याच्या लेपात एक अगदी पुसट फुगवटा. असं काही बघायचं असलं की दिवा भिंतीला टेकवून धरतात, म्हणजे प्रकाश लेपावरून सरपटत जातो आणि खालच्या दगडांच्या कडा सावल्या टाकतात. माझ्या टॉर्चने नेमका त्या दिवशी दम सोडला. फ्राऊ बेकर सणाची फुलं लावत होत्या, त्यांनी मला एक मेणबत्ती पेटवून दिली.

तर मी कशी होते ते सांगते. थंडी आणि चुन्याची धूळ, म्हणून डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेली. पायांत चपला नाहीत, नुसते मोजे. फुगवटा जमिनीलगत होता म्हणून गुडघे टेकलेले. उजव्या हातात मेणबत्ती, डाव्या हातात टेप, आणि आकडे विसरू नयेत म्हणून ओठांत पुटपुटत होते. आणि ती ज्योत सरकवता सरकवता भिंतीतून हळूहळू एक कमान वर आली. बुजवलेलं दार होतं ते, बुटकं, आणि कमान टोकदार नाही, गोल. गोल कमानी टोकदारांच्या आधीच्या. म्हणजे ही भिंत त्या सबंध चर्चमध्ये सर्वांत जुनी, आणि हे दार ज्यांच्यासाठी होतं ती माणसं मनोरा, गाभारा, यांतलं काहीच न बघता मेली. मला रडू आलं. मी कपाळ भिंतीला टेकवलं आणि तशीच बसून राहिले. पाठीमागे दार वाजलं. मला वाटलं, फ्राऊ बेकर.

त्या लिमयेकाकू होत्या आणि आणखी दोघी-तिघी. पन्हं झाल्यावर जरा गाव बघू म्हणून निघालेल्या. लिमयेकाकू म्हणजे माधुरीच्या त्या मुलाच्या सख्ख्या आत्या. मागून त्यांना जे दिसायचं ते दिसलं: वेदीसमोर, डोकं झाकून, हातात मेणबत्ती, गुडघ्यांवर, रडणारी मुलगी, आणि वर त्यांच्या सणाचा दिवस. मी वळले, हसले, या ना, बघा काय सापडलंय म्हणाले. त्या म्हणाल्या, नको, उशीर होतोय. माझ्या मूर्खपणाची कमाल बघा, मी घरी जाऊन सगळ्यांना परत वाटली डाळ वाढली आणि गोल कमानीबद्दल बोलत राहिले. सगळ्या जणी माना हलवत होत्या. नंतर मला वाटायचं, निदान एकीने तरी विचारायचं होतं. विचारतील कशाला? विचारलं की उत्तर मिळतं आणि मजा जाते.

बाबांचा फोन पुढच्या रविवारी दुपारी आला. माझे हात कणकेत होते म्हणून आत्याने स्पीकर लावला. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला होता की तुमची मोठी मुलगी तिकडे बाटली आहे असं ऐकतो, तेव्हा पुढचं बोलणं थांबवू. बाबांचा आवाज अगदी शांत होता. मला पहिल्यांदा हसूच आलं. मी सांगितलं, बाबा, मी भिंत मोजत होते. टॉर्च बंद पडला होता. आत्याला विचारा, आत्या माझ्याबरोबर येऊन टेप धरून गेली आहे, तिला सगळं माहीत आहे. बाबा म्हणाले, "मालू, तू तिथे असतेस. तूच सांग." आतोबा सोफ्यावर होते, त्यांनी पेपर थोडा वर केला. आत्याने ओटा पुसायचं फडकं घेतलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं.

"मी काय सांगू दादा," ती म्हणाली, "मी काही तिच्याबरोबर चर्चमध्ये जात नाही. तिचं ती जाणे."

मी तिच्याकडे बघत होते, ती ओट्याकडे. मग बाबा म्हणाले, परत ये, आणि फोन ठेवला. आत्याने तवा चढवला. मी ओरडले, रडले, विचारलं, असं का म्हणालीस, आणि ती म्हणाली, उगाच मला मध्ये ओढू नकोस, मला इथे चार लोकांत राहायचंय. आतोबांचा पेपर खाली आला नाही. तो माणूस आयुष्यभर कधी कुणाला वाईट बोलला नाही, सगळे त्याला देवमाणूस म्हणतात. मी म्हणत नाही. पुढे कितीदा तरी मी स्वतःशी मांडून बघितलं की आत्याने हे का केलं. मी गेले असते तर पोळ्या कोण लाटणार, हे एक. लिमयेकाकूंनी तिला मंडळात वाळीत टाकलं असतं, हे दुसरं. आणि तिसरं मला आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर दिसतं, ते म्हणजे तिला स्वतःला कुणी शिकू दिलं नव्हतं. पण कारणं कळली म्हणून माझा राग काही कमी झाला नाही. होऊही नये.

प्राध्यापकांना मी सांगितलं तर त्यांना मुळात काही कळेचना. तू सज्ञान आहेस, ते म्हणत राहिले, वडिलांची सही कशाला? मग त्यांनी ऑफिसात फोन केला आणि त्यांनाही कळलं की सज्ञान माणसालाही तिथे राहायला कुणाची तरी हमी लागते, जर त्याचा पासपोर्ट माझ्यासारखा असेल. कुणाची तरी, वडिलांचीच असं नाही. मी आतोबांना विचारलं. ते म्हणाले, दादांच्या शब्दाबाहेर मी कसा जाऊ?

त्याच सुमारास गावातले पाद्री आत्याच्या दारात आले. तरुण होते, सायकलवरून आले होते, हातात डॅफोडिल्सची जुडी. गोष्ट फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचली होती, आणि पोचेपर्यंत तिचा आकार असा झाला होता की एक भारतीय मुलगी येशूकडे ओढली गेली आहे आणि घरचे तिचा छळ करताहेत. आत्या आतल्या खोलीत जाऊन बसली. आम्ही दोघं बागेत उभे राहिलो. ते फार नम्रपणे म्हणाले की चर्चची मंडळी माझी हमी घेऊ शकतील, अवघड नाही. मग म्हणाले, "तुम्ही आमच्यातल्या असलात, तर समितीला समजावणं मला सोपं जाईल." माणूस वाईट नव्हता. त्याच्या मनात सौदा नव्हता हे मला तेव्हाही दिसत होतं. पण मला असं हसू फुटलं की ते बिचारे दचकले. जे मी केलं नाही म्हणून घसा फोडून सांगत होते, तेच केलं असतं तर मी राहू शकले असते. गोल कमानीचं दार तुम्हाला कुणी दाखवलंय का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, हो, फ्राऊ बेकरांनी दाखवलं, छान आहे. आणि मनोऱ्याबद्दल? ते म्हणाले, आल्झो, म्हणजे असं की, मनोऱ्याचं गावात जरा जपून सांगावं लागेल. मी नको म्हणाले. समितीला नको, बाप्तिस्मा नको, काही नको. डॅफोडिल्स मी ठेवून घेतली.

माधुरीचं लग्न पुढे त्याच मुलाशी झालं, आणि ती सुखात आहे. तिच्यावर माझा राग नाही, तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. ती फ्रँकफर्टला राहते. तिची दोन्ही मुलं चर्चने चालवलेल्या बालवाडीत गेली, कारण ती घराजवळ होती आणि चांगली होती. ख्रिसमसच्या नाटकात थोरला मेंढपाळ झाला होता. त्याचे फोटो लिमयेकाकूंनीच कौतुकाने सगळ्यांना पाठवले. पाहून बाबाही म्हणाले, गोड दिसतोय.

प्रबंध मी देऊन आले, तेवढं केलं. पदवी मिळाली. ती जागा अर्थातच दुसऱ्या कुणाला गेली. निघायच्या दिवशी आत्याने प्रवासासाठी गुळपोळ्या बांधून दिल्या आणि विमानतळावर डोळे पुसले. मी त्या सुरक्षातपासणीच्या आधीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मुंबईला बाबा एकटेच घ्यायला आले होते. गाडीत आम्ही हवापाण्याचं बोललो. कसाऱ्याला चहा प्यायलो, त्यांनी माझ्यासाठी वडापाव आणला, तिखट चटणी वेगळी मागून, मला आवडते तशी. नाशिक आलं तरी गाडी घराकडे वळेना. ती पंचवटीत घाटाकडे गेली.

तिथे एक गुरुजी पाट मांडून तयार बसले होते. पळीपंचपात्र, दर्भ, एका वाटीत पंचगव्य. मुलाकडच्यांची अट होती, शुद्धी करून घ्या म्हणजे आमच्या मनात किंतु राहणार नाही. आई आली नव्हती, तिला बघवलं नसतं म्हणे. ऊन चढलं होतं, बायका पलीकडे धुणं धूत होत्या. मी बाबांना शेवटचं म्हणून, अगदी हळू, सांगितलं की बाबा, मी कधी काही बदललंच नाही, मी नुसती भिंत मोजत होते. त्या बायका ऐकतील म्हणून मी ओरडलेही नाही.

"मला माहीत आहे गं," बाबा म्हणाले. "मालूला मी जन्मापासून ओळखतो. ती खोटं बोलत होती ते मला फोनवरच कळलं."

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पाटावरची धूळ झटकली, माझे कपडे खराब होऊ नयेत म्हणून.

"मग सही का नाही केलीत?"

"माधुरीचं ठरत होतं," ते म्हणाले.

गुरुजींनी पळी उचलली आणि हात पुढे कर म्हणाले. मी पाटावर बसले आणि हात पुढे केला.